सुपारीच्या कप्प्यातल्या गोळ्या

मित्रांनो, मी एक जुना पितळी पानाचा डबा आहे. पान मात्र माझ्यात कित्येक वर्षांत पडलेलं नाही. माणसांचंही असंच असतं. काम सुटतं, नाव तेवढं चिकटून राहतं. ज्या घरात माझं आयुष्य गेलं त्या घरच्या विरुपाक्षप्पांनी दुकान मुलाच्या हवाली करून बराच काळ लोटला, तरी बाजारात त्यांना अजून सगळे चादरवालेच म्हणतात.

माझा जन्म सोलापुरातल्या एका तांबटाच्या घरी झाला. त्यानं पत्रा तापवला, ठोकला, वळवला आणि माझ्या पोटात कप्पे बसवले. सुपारीचा मोठा, काताचा त्याहून लहान, लवंग-वेलदोड्याचा अगदी चिमुकला, आणि कडेला चुन्याची डबी. झाकणावर त्यानं बसलेला नंदी कोरला. मैंदर्गीच्या एका घरानं मला विकत नेलं आणि त्यांची लेक सुंदरम्मा विरुपाक्षप्पांशी लग्न करून सोलापूरला आली, तेव्हा तिच्या रुखवतातून मीही आलो. म्हणजे मी सासरी आलो की माहेरी परतलो, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

ते माझे चांगले दिवस होते. दुकानाच्या गादीवर मी विरुपाक्षप्पांच्या मांडीशी बसायचो. गिऱ्हाईक आलं की चादरी उलगडायच्या आधी माझं झाकण उघडायचं. माणूस ओळखायचा तर त्याला डब्यातून सुपारी घेताना बघावं. एक चिमूट तोंडात आणि दुसरी हळूच खिशात टाकणारे मी पाहिले. 'आम्ही पान खात नाही हो' असं म्हणत वेलदोड्यांचा कप्पा साफ करणारेही पाहिले. उचललेलं अर्धं परत ठेवणारा एकच माणूस मला आठवतो. तो म्हणजे मकदूमभाई.

मकदूमभाईंचा ट्रक होता. विरुपाक्षप्पांच्या चादरींचे गठ्ठे तेच लांबलांबच्या गावांना पोचवायचे. धंद्यातून दोस्ती झाली आणि धंदा सुटल्यावरही ती राहिली. असं फार कमी होतं, म्हणून सांगतो.

त्याच काळात मी एक वाईट गोष्टही पाहिली. विरुपाक्षप्पांचे वडील मडिवाळप्पा एका सकाळी आंघोळीला उठले आणि मोरीतच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पानाची तलफ तेवढी राहिली. विरुपाक्षप्पा खलबत्त्यात पान कुटून मऊ करायचे आणि बोटानं त्यांच्या तोंडात भरवायचे. लाल रस मेलेल्या बाजूनं गळायचा आणि विरुपाक्षप्पा तो धोतराच्या सोग्यानं पुसायचे. कितीतरी वर्षं हे चाललं. एकदा रस पुसता पुसता ते माझ्या झाकणावरच्या नंदीकडे बघून पुटपुटले, "शिवा, मला उभ्यानं ने रे बाबा. असं पाडू नको."

हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही, मुलाला नाही, दोस्ताला नाही. ऐकलं ते मी आणि नंदीनं. आम्ही दोघंही पितळेचे.

पुढे विरुपाक्षप्पांच्या गालात आतून चट्टा आला. दातांच्या डॉक्टरांनी पान बंद केलं. सुंदरम्मांनी मला चिंचेनं घासलं, उन्हात वाळवलं आणि कप्प्यांवर एक तबकडी बसवून तिच्यात बडीशेप भरली. बडीशेप भरलेला पानाचा डबा म्हणजे निवृत्त फौजदाराच्या हातातली भाजीची पिशवी. पण विरुपाक्षप्पांनी मला सोडलं नाही. जेवताना मी त्यांच्या ताटाशेजारी असायचो आणि संध्याकाळी कापडी पिशवीत बसून दुकानाच्या पायरीवर जायचो. तिथं मकदूमभाई यायचे आणि दोघं बडीशेप चघळत आख्ख्या बाजाराची उणीदुणी काढायचे.

मग ती रक्ततपासणी झाली.

डॉक्टर नंदीश या घरचे आणि मकदूमभाईंचेही डॉक्टर. वडिलांच्या पश्चात दवाखाना सांभाळणारे, तरुण आणि शांत. मी पिशवीत, पिशवी विरुपाक्षप्पांच्या मांडीवर आणि शेजारी सुंदरम्मा.

"आप्पा, तुमचं कोलेस्टेरॉल वाढलंय. म्हणजे रक्तातली चरबी," डॉक्टर म्हणाले. "यावर स्टॅटिन नावाची गोळी असते. रोज एक."

"मला होतंय काय?"

"आज काही नाही."

"मग गोळी कशाला?"

"पुढं हार्ट अटॅक किंवा लकवा येण्याची शक्यता कमी व्हावी म्हणून. पण खरं सांगू का? तुमची पंचाहत्तरी उलटलीय आणि आजवर तुम्हाला काही झालेलं नाही. अशा माणसाला या गोळीचा किती उपयोग होतो, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. होईल, पण थोडा. काहींचे हातपाय दुखतात, तेही आहे. घ्यायची की नाही हे आपण मिळून ठरवू. तुमच्या मनात काय आहे?"

मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. मनात मोरी होती, गळणारा लाल रस होता. पण विरुपाक्षप्पा म्हणाले, "माझ्या मनात काय असणार? मी रोज सिद्धेश्वराच्या तळ्याला फेरी मारतो की."

लकवा हा शब्द डॉक्टरांनी उच्चारला तेव्हा त्यांनी पिशवी घट्ट धरली होती. डॉक्टरांना ते कसं दिसणार? विचार करायला वेळ मिळायच्या आत सुंदरम्मा म्हणाल्या, "द्या डॉक्टर, लिहून द्या. घेतात कशे न्हाय ते मी बघते."

झालं. जे दोघांनी बसून ठरवायचं होतं, ते तिसऱ्यानंच ठरवलं.

आता सुंदरम्मांची हुशारी ऐका. नवरा औषधाची चालढकल करतो हे त्यांना पाठ होतं. पण तो घरचा आचारही पाळतो, हेही पाठ होतं. या लिंगायत घरात ताटात आलेलं काही टाकत नाहीत. अन्न आधी गळ्यातल्या लिंगाला दाखवायचं, मग तो प्रसाद. शेवटी ताटात पाणी घालून, बोटं फिरवून तेही पिऊन टाकायचं. सुंदरम्मांनी गोळी थेट ताटात वाढायला सुरुवात केली. भाकरी, डाळ, शेंगाचटणी, आणि चटणीच्या शेजारी ती पांढरी गोळी.

"हे काय?" विरुपाक्षप्पा म्हणाले.

"परसाद," सुंदरम्मा म्हणाल्या. "आता टाका बघू, कसं टाकताव ते."

पन्नास वर्षं चादरी विकलेला माणूस असा हरतो होय? सुंदरम्मा गरम भाकरी आणायला चुलीकडे वळल्या. विरुपाक्षप्पांनी दोन बोटांनी गोळी उचलली, माझं झाकण किलकिलं केलं आणि तबकडीखाली सुपारीच्या रिकाम्या कप्प्यात सोडली. मग ताट धुऊन पाणी प्यायले. ताटातलं टाकलं नाही. ठेवलं! आचारही राहिला आणि गोळीही टळली.

"री, घेतलात का?" सुंदरम्मांनी चुलीकडूनच विचारलं. री म्हणजे कानडीतलं अहो.

"ताट बघ की. काय उरलंय?"

मित्रांनो, मला हसू आलं होतं. आता नाही येत.

हळूहळू माझा सुपारीचा कप्पा भरत चालला. मग विरुपाक्षप्पांना वाटलं, आता ही गोळी रीतसर बंद करून घ्यावी. मकदूमभाईंना दोन वर्षांमागं हार्ट अटॅक येऊन गेला होता. हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली होती आणि हीच गोळी त्यांना कायमची लावली होती. त्यांच्या पोटऱ्या दुखायच्या. विरुपाक्षप्पांनी ते दुखणं उसनं घेतलं.

"सुंदरा, पाय लई धरल्यात गं. त्या गोळीनंच."

सुंदरम्मांनी गोळी बंद केली नाही. त्या तेल कोमट करून आणायच्या आणि न घेतलेल्या गोळीनं दुखणारे पाय चोळत बसायच्या. त्यांचे स्वतःचे गुडघे सुजलेले होते. चोळून झालं की भिंतीला धरून उठायच्या. विरुपाक्षप्पा डोळे मिटून पडून राहायचे. मिटलेल्या डोळ्यांखाली काय चाललंय ते शेजारी ठेवलेल्या डब्याला कळत नाही असं त्यांना वाटत असावं.

पुढच्या तपासणीत रक्तातली चरबी होती तिथंच. डॉक्टर नंदीश चक्रावले. "असं होत नाही सहसा. बघू, गोळी थोडी वाढवतो." मोठी गोळी आली. तीही माझ्याच पोटात गेली. बिचाऱ्या डॉक्टरांना वाटत होतं, आपण आप्पांना औषध देतोय. देत होते ते मला.

पायरीवर एका संध्याकाळी मकदूमभाई पोटरी दाबत बसले होते.

"ए विरू, तेरे पैर कैसे रे? तूपन वहीच गोली खाता ना?"

विरुपाक्षप्पांनी इकडंतिकडं बघितलं आणि माझं झाकण उघडलं. बडीशेपेची तबकडी बाजूला सारून सुपारीचा कप्पा दाखवला. "एक पन खाल्ली न्हाय मी. बघ, घोड्यासारखा हिंडतोय का न्हाय?"

मकदूमभाई बघतच राहिले. मग त्यांना असं हसू फुटलं की ठसका लागला. "अरे तू तो बड़ा चोर निकला रे चादरवाले! अन् भाभी पाय चोळतेत?"

"चोळती की."

दुसऱ्या दिवशी मकदूमभाईंनी खिशातून रुमाल काढला. रुमालाच्या गाठीत एक गोळी होती. "ये ले. मेरी भी रख. तू बिना गोली का फिरता, मैं गोली खाके लंगड़ाता. नूरबी पाकीट तपासती, इसलिए बाहर लाया."

विरुपाक्षप्पांचा हात थबकला. खोटं नाही सांगत, थबकला होता. "मकदूम, तुझं येगळं हाय रे. तुला झटका येऊन गेलाय. स्प्रिंग हाय आत."

"स्प्रिंग लोहे की है. उसको क्या होता? खोल, खोल."

विरुपाक्षप्पांनी मला उघडलं. काताचा कप्पा रिकामा होता. मकदूमभाईंची गोळी त्यात पडली. नखाएवढी ती गोळी, पण टण्णकन वाजली.

त्यांनी पुन्हा का अडवलं नाही? मी माणसांची पारख करतो म्हणून सांगतो. एकट्याचं खोटं जड असतं. दुसरा वाटेकरी मिळाला की त्याची मौज होते. त्या दिवसापासून दोघं पायरीवर शाळकरी पोरांसारखे खिदळायचे. विरुपाक्षप्पांची गोळी सुपारीत, मकदूमभाईंची कातात. मकदूमभाईंच्या पोटऱ्या जराशा मोकळ्या झाल्या तेव्हा तर ते उड्या मारूनच दाखवायला लागले. "देखा? देखा?" विरुपाक्षप्पांनाही वाटलं, आपण दोस्ताचं भलंच केलं.

उन्हाळा चढला. सोलापूरचा उन्हाळा, दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नाही. अशा एका संध्याकाळी मकदूमभाई आले नाहीत. विरुपाक्षप्पांनी माझं झाकण उघडून ठेवलं, दोनदा मिटलं, परत उघडलं. मग मकदूमभाईंचा मुलगा मोईन आला. पायरीच्या खालीच उभा राहिला.

"चाचा, अब्बा गये. मेरे ट्रक से उतरते उतरते."

विरुपाक्षप्पांनी माझं झाकण लावलं, मला पिशवीत घातलं आणि मोईनबरोबर निघाले. कब्रस्तानापर्यंत ते चालत गेले, खांदा दिला, मूठभर माती टाकली. मी पिशवीत त्यांच्या काखेला होतो. काताच्या कप्प्यातल्या गोळ्या पावलागणिक खुळखुळत होत्या. त्यांनी पिशवी छातीशी दाबून धरली, तरी त्या थांबल्या नाहीत.

त्या रात्री घरी येऊन त्यांनी आंघोळ केली आणि ते जेवायला बसले. सुंदरम्मांनी नेहमीसारखं वाढलं आणि गोळी ठेवून चुलीकडे वळल्या. विरुपाक्षप्पांनी गोळी उचलली. माझं झाकण उघडलं. बडीशेपेची तबकडी काढून बाजूला ठेवली.

"सुंदरा, हिकडं ये."

"आले, भाकरी करपती."

"करपू दे. ये."

सुंदरम्मा आल्या. त्यांनी माझ्यात डोकावून बघितलं. त्यांना लगेच समजलं नाही. मग समजलं. त्यांनी सुपारीच्या कप्प्यावर बोट ठेवलं, मग काताच्या.

"ह्या कुणाच्या?"

"मकदूमच्या."

सुंदरम्मा भिंतीला धरून खाली बसल्या. त्या रागावतील, ओरडतील असं मला वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी पाय चोळत होते की हो रोज."

भाकरी करपली. त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा ताटात अन्न राहिलं.

पुढच्या सकाळी मी पुन्हा दवाखान्यात होतो. या वेळी पिशवीत नाही, तर डॉक्टरांच्या टेबलावर, झाकण उघडं टाकून. डॉक्टर नंदीश दोन्ही कप्प्यांकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"डॉक्टर, मकदूमनं ह्या घेतल्या असत्या तर जगला असता का?"

"ते मला नाही सांगता येणार, आप्पा. घेऊनही माणसं जातात. पण त्यांच्या गोळीचं काम पक्कं होतं. ज्याला झटका येऊन गेलाय त्याला ही गोळी आधाराची काठी असते. तुमच्या बाबतीत प्रश्न होता, त्यांच्या बाबतीत नव्हता. तुमचं बघून त्यांनी ठरवलं, तिथं चुकलं. पायांचं म्हणत असाल तर त्यांनी मला सांगायला हवं होतं. गोळी बदलता येते, कमी करता येते."

"मी त्याला म्हनलो होतो. एकदा."

डॉक्टर पुन्हा काताच्या कप्प्याकडे बघू लागले. सुंदरम्मांनीही मान वर केली नाही. एकदा या शब्दाचं वजन किती, ते त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं.

मग विरुपाक्षप्पांनी झाकणावरच्या नंदीवरून अंगठा फिरवला आणि जे आयुष्यभर फक्त मला ठाऊक होतं ते सांगितलं. मोरी सांगितली. लाल रस सांगितला. "मला मरायचं भ्या न्हाय डॉक्टर. पडायचं हाय. तुमी लकवा म्हनलात आनि मला वाटलं, गोळी घेतली म्हंजे ते दारात आलंय हे मी मान्य केलं. म्हनून नको म्हनत होतो."

"हे त्या दिवशी बोलला असता तर," डॉक्टर म्हणाले आणि थांबले. मग हळू आवाजात पुढे बोलले. "आता ऐका. या गोळीनं लकव्याची शक्यता थोडी कमी होते. नाहीशी नाही होत. तुम्ही नको म्हणालात तरी मी भांडणार नाही, या वयात तेही चालतं. घेतो म्हणालात तर लहान गोळीपासून सुरू करू. त्रास झाला तर मला सांगायचं, डब्याला नाही. सोडावीशी वाटली तर माझ्यासमोर सोडायची."

सुंदरम्मा म्हणाल्या, "तुमाला नको असंल तर नको म्हना. माझ्यासाठी घेऊ नका. मी ताटात वाढणार न्हाय आता."

विरुपाक्षप्पांनी तळहात पुढे केला. "दे," ते म्हणाले. "ताटात नको. हातात दे. समोर उभी ऱ्हा."

सुपारीच्या कप्प्यातल्या गोळ्या डॉक्टरांनी काढून घेतल्या, रीतसर नष्ट करायला. काताच्या कप्प्याकडे त्यांचा हात गेला तेव्हा विरुपाक्षप्पांनी माझं झाकण लावलं. "ह्या माझ्या न्हाईत," ते म्हणाले.

नूरबी इद्दतीत होत्या. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर यायचं नाही, घर सोडायचं नाही. तेवढे दिवस विरुपाक्षप्पा थांबले. रोज सुंदरम्मांच्या हातून गोळी घ्यायचे, त्यांच्यासमोर गिळायचे, जीभ बाहेर काढून दाखवायचे. मग मला घेऊन पायरीवर जायचे आणि एकटे बसायचे. बडीशेप संपली ती त्यांनी पुन्हा भरली नाही.

इद्दत संपल्यावर दोघं नूरबींकडे गेले. मोईननं खुर्च्या मांडल्या. नूरबी समोर जमिनीवर बसल्या.

"रोज रात को पूछती थी मैं," त्या आपणहूनच म्हणाल्या. "गोली लिए? बोलते, हौ, लिया. फिर भी गये. अल्ला की मर्ज़ी, भाईसाब."

एवढं ऐकून गप्प परत जाता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. विरुपाक्षप्पांनी मला पिशवीतून काढलं, नूरबींच्या पुढ्यात ठेवलं आणि झाकण उघडलं. सगळं सांगितलं. थबकलेला हात सांगितला, उघडलेलं झाकण सांगितलं, खिदळणंही सांगितलं.

नूरबींनी काताच्या कप्प्यात बोट घातलं. गोळ्या इकडून तिकडं सरकवल्या.

"इत्ते?" त्या म्हणाल्या.

मोईन दाराकडे तोंड करून उभा होता. सुंदरम्मा रडत होत्या. नूरबी रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम अब लेते?"

"हौ."

"भाभी के सामने?"

"हिच्या सामनेच."

नूरबींनी माझं झाकण लावलं. लावताना आवाज होऊ दिला नाही. "ये डब्बा यहींच रहने दो," त्या म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. नाही केलं, असंही म्हणाल्या नाहीत. विरुपाक्षप्पा रिकामी पिशवी घेऊन जिना उतरून गेले. मला नेऊन माझ्याशिवाय ते पहिल्यांदाच घरी परतत होते. जिन्यावरची पावलं खरंच पाय धरल्यासारखी वाजत होती.

तेव्हापासून मी नूरबींच्या घरी फळीवर आहे. मला कुणी घासत नाही. पितळ काळवंडलंय, नंदीच्या वळणावळणांत हिरवं चढलंय. विरुपाक्षप्पा अजून पायरीवर बसतात असं मोईनच्या बोलण्यातून कळतं.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. डब्याचं काम पोटात ठेवायचं, ते मी केलं. पण तुम्ही पितळेचे नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस ताटाशेजारी एखादा डबा घेऊन बसत असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. गोळी घेतली का, असं विचारू नका. त्याचं उत्तर 'हौ, लिया' एवढंच येतं. भीती कशाची वाटते, ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.

कधी नूरबींच्या घरी आलात आणि माझं झाकण उघडलंत, तर काताच्या कप्प्यातलं काही उचलू नका. ते मकदूमभाईंचं आहे.